खोदलेली माती कुठे टाकणार, तेवढं सांगा

मुंबईच्या अलेक्झांड्रा डॉकचं उद्घाटन मार्च १९१४ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते झालं. कोनशिला १९०५ साली बसवली ती युवराजाने, म्हणजे पुढच्या पाचव्या जॉर्जने. आणि नाव दिलं ते त्याच्या आईचं. सगळा घरचाच मामला! आज त्या गोदीला इंदिरा डॉक म्हणतात. उद्घाटनाला पाच महिने होत नाहीत तोच महायुद्ध पेटलं आणि व्यापारासाठी बांधलेल्या बंदरातून बसऱ्याकडे फौजा जाऊ लागल्या.

माझी नोकरी नौदलाच्या गोदीत झाली, फिटर म्हणून. विठ्ठलवाडीला लोकल पकडायची, व्हीटीला उतरायचं आणि लायन गेटपर्यंत तंगडतोड करायची. आमची गोदी जुनी, १७३५ मध्ये सुरतेहून आलेल्या लवजी वाडियांच्या परंपरेतली. तिथे १८१७ साली बांधलेलं सागवानी ‘त्रिंकोमाली’ जहाज इंग्लंडात हार्टलपूलला अजून पाण्यावर आहे. त्याचा अभिमान आहेच. पण मला खरं कौतुक वाटतं ते पोर्ट ट्रस्टच्या त्या दुसऱ्या गोदीच्या मातीचं.

एवढी मोठी गोदी, शिवाय हजार फूट लांबीची सुकी गोदी. खोदकाम केवढं निघालं असेल! ती माती त्यांनी शेजारीच भरावाला वापरली. त्या भरावावर बावीस एकरांचं बॅलार्ड इस्टेट उभं राहिलं. जॉर्ज विटेटने आखलेल्या त्या रस्त्यांवरून आजही चालून बघा; इमारती एका उंचीच्या, एका ओळीत. इंग्रजांनी हे आपल्या भल्यासाठी केलं नाही, आणि समुद्र बुजवणं हे काही पुण्यकर्म नव्हे. पण खोदायला घेतलेल्या मातीचं काय करायचं, याचा हिशेब त्यांच्याकडे होता.

आता आमच्याकडे या. जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत. भूमिपूजनाला मंडप, फ्लेक्स, पेढे, सगळं यथासांग. राडारोड्याचं मात्र कोणी बोलत नाही. तो रात्री डंपरमधून वालधुनीच्या काठावर येतो. सकाळी बघावं तर फुटक्या फरशा, कमोडची शकलं, प्लास्टर चिकटलेल्या विटा आणि वर पीओपीच्या छताची नक्षीदार फुलं. पहिल्या मोठ्या पावसात त्यातलं निम्मं नदीत. पात्र अरुंद झालं की पाणी जाणार कुठे? आमच्या घरात. २६ जुलै २००५ ज्यांनी कल्याण-उल्हासनगरात काढला, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

कायदा नाही म्हणावं तर तसंही नाही. दिवसाला वीस टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला तीनशे टन राडारोडा काढणाऱ्याने त्याच्या विल्हेवाटीचा आराखडा काम सुरू करण्याआधी मंजूर करून घ्यावा, असं केंद्राच्या २०१६ च्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं होतं. कागद फाइलीत आणि डंपर नदीवर, एवढाच काय तो फरक.

म्हणून आमच्या नगरसेवकांना आणि पालिकेला एकच मागणं आहे. भूमिपूजनाच्या फलकावर मान्यवरांच्या नावांखाली एक ओळ वाढवा: इथला राडारोडा किती टन आणि कुठे जाणार. ती ओळ नसेल त्या कामाला नारळ फोडायला जाऊ नका.