आधी अपडेट कर म्हणे!

मंडळी, लिनक्सवाल्यांकडे कुठलंही दुखणं घेऊन जा, पहिलं औषध ठरलेलं: "आधी अपडेट कर." ब्राऊझरला ते लागू पडतं, कर्नेललाही पडतं. पण वाईनमधून चालणाऱ्या जुन्या विंडोज प्रोग्रॅमला तेच पाजणं म्हणजे निव्वळ आडमुठेपणा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

नातेवाईक मंडळींसाठी खुलासा: हे वाईन प्यायचं नाही. (मामा, खास तुमच्यासाठी! :-)) विंडोजचा प्रोग्रॅम 'ही खिडकी उघड, ती फाईल वाच' असं जे काही सांगतो, ते लिनक्सला कळेल अशा भाषेत सांगणारा हा दुभाष्या. १९९३ साली काम सुरू झालं आणि १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं. पंधरा वर्षं! विंडोजचं वागणं, त्यातल्या खोडींसकट, बाहेरून बघून बघून नव्याने लिहायचं म्हणजे गंमत नाही. त्यात एका प्रोग्रॅमसाठी केलेली दुरुस्ती कधी दुसऱ्याला बाधते. वाईनवाल्यांना हे पुरतं ठाऊक आहे. कुठला प्रोग्रॅम कितपत चालतो याची जी यादी ते ठेवतात, तिच्यात प्रत्येक चाचणीपुढे वाईनची आवृत्ती लिहिलेली असते, ती काय उगाच?

आणि आपण काय करतो? सगळे प्रोग्रॅम घरच्या फोल्डरातल्या एकाच लपलेल्या 'डॉट वाईन'मध्ये कोंबतो. याला प्रिफिक्स म्हणतात; सी ड्राइव्ह आणि रजिस्ट्रीसकट एक छोटं नकली विंडोजच ते. एकासाठी वाईनट्रिक्सने टाकलेली डीएलएल दुसऱ्याच्या मुळावर येते. त्यात नवं वाईन आलं, की पहिल्यांदा प्रोग्रॅम उघडताच तो प्रिफिक्स आपोआप बदलला जातो. मागे फिरलात तर सगळं पूर्वीसारखं चालेलच याची खात्री नाही.

गेम खेळणाऱ्या पोरांना हे आपल्याआधी कळलं. व्हॉल्व्हने २०१८ मध्ये वाईनवरच बेतलेलं प्रोटॉन आणलं. आज स्टीममध्ये प्रत्येक गेमला वेगळा प्रिफिक्स असतो, हवी ती प्रोटॉन आवृत्ती नेमून देता येते, आणि जुन्या आवृत्त्याही बाजूला ठेवलेल्या असतात. बॉटल्स आणि लुट्रिसमध्येही हीच सोय आहे. मग कामाच्या प्रोग्रॅमांनीच काय घोडं मारलंय?

"पण सुरक्षिततेचं काय?" प्रश्न रास्त आहे. वाईन म्हणजे तुरुंग नव्हे. झेड ड्राइव्हमधून प्रोग्रॅमला तुमची अख्खी डिस्क दिसते. म्हणून जुना प्रोग्रॅम वेगळ्या युजरखाली चालवा, त्याला इंटरनेट देऊ नका, अनोळखी फाईल त्यात उघडू नका. हा वेगळा बंदोबस्त झाला. नवं वाईन टाकल्याने वीस वर्षांपूर्वीच्या प्रोग्रॅममधली भोकं बुजत नाहीत.

मी एवढा का तडकलोय? आमच्या काकांनी नव्वदच्या दशकात जुळवलेले गावचे दिवाळी अंक आहेत म्हणून. युनिकोडच्या आधीचं मराठी डीटीपी ते! इंग्रजी अक्षरांच्या जागी आपल्या अक्षरांचे तुकडे बसवलेले, आणि ही मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी. तो फॉन्ट नसेल तर काकांचं संपादकीय म्हणजे नुसती अगम्य इंग्रजी खिचडी. प्रोग्रॅम १६-बिटचा, ६४-बिट विंडोज त्याला दारातही उभं करत नाही. विकणाऱ्यांना विचारलं तर म्हणाले, "नवीन आवृत्ती घ्या." तीत जुन्या फायली उघडतील का, यावर मौन! माझ्याकडे एका ठराविक वाईनच्या एका प्रिफिक्समध्ये त्या उघडतात. एकेक अंक युनिकोडमध्ये आणतोय. ते संपेपर्यंत त्या प्रिफिक्सला कुणी हात लावायचा नाही.

तेव्हा मंडळी, एक प्रोग्रॅम, एक प्रिफिक्स, एक आवृत्ती. प्रिफिक्स म्हणजे शेवटी साधं फोल्डर. चालतंय तोवरच त्याची प्रत काढा. सोबत ते वाईन, मूळ इन्स्टॉलर आणि काय काय टाकलं त्याची चिठ्ठी ठेवा. नवी आवृत्ती जरूर बघा, पण त्या प्रतीवर. आणि कुणी "आधी अपडेट कर" म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: बाबा रे, बिघडलं तर काकांचे अंक तू वाचून दाखवणार आहेस का?