नाद करायचा, पण परवडायला हवा

23 मार्च 2014 रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर बारा ट्रक शर्यतीला उभे राहिले. पाच महिन्यांपूर्वी याच ट्रॅकवर फॉर्म्युला वनच्या गाड्या पळाल्या होत्या. आता टाटा प्रायमा. म्हणजे हायवेवर कंटेनर ओढतो तोच, फक्त मागचा ट्रेलर काढलेला. ड्रायव्हर सगळे परदेशी. ट्रक आपले, ट्रॅक आपला, आणि स्टिअरिंगवर मात्र आपलं कोणी नाही, हे लोकांना खटकलं. मग देशभरातल्या ट्रकचालकांमधून काही जणांना निवडून त्यांना रेसिंगचं ट्रेनिंग दिलं गेलं आणि 2016 च्या तिसऱ्या मोसमात भारतीय ड्रायव्हर पहिल्यांदा उतरले. 2017 मध्ये तर 1,000 हॉर्सपॉवरचा ट्रक आला. तो चौथा मोसम, आणि तोच शेवटचा.

गोष्ट भारी होती, यात वाद नाही. पण जरा हिशेब बघा. ट्रक कंपनीचे. टीमच्या नावांत तेल कंपनी, इंजिन कंपनी, डीलर. अशा शर्यतीला तुम्ही तिकीट काढून जाऊ शकता, शिट्ट्या मारू शकता, पण स्वतःची गाडी घेऊन जाऊ शकत नाही. ज्या खेळात हौशी माणसाला जागाच नाही, तो एका कंपनीच्या बजेटवर जगतो. बजेट दुसरीकडे वळलं की खेळ खल्लास.

आपल्याकडे हे वारंवार घडलंय. फॉर्म्युला वन 2011 ते 2013, तीन वर्षं. हैदराबादला फॉर्म्युला ई फेब्रुवारी 2023 मध्ये एकदा झाली; पुढच्या वर्षीची रेस जानेवारीतच रद्द. पुण्यात 28 जानेवारी 2024 ला बालेवाडीच्या क्रीडा संकुलात सुपरक्रॉस लीगची पहिली शर्यत झाली. तिला शुभेच्छाच, पण तिथेही आपण स्टँडमध्ये बसणारे.

मग टिकलंय काय? उत्तर तुमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमागच्या शेडमध्ये आहे.

बाहा एसएईइंडिया ही स्पर्धा 2007 पासून चालू आहे. अमेरिकेत ती 1976 मध्ये सुरू झाली. इंजिनीअरिंगच्या मुलांनी खडकाळ रस्त्यावर चालणारी एक सीटची बग्गी स्वतः डिझाईन करायची, बनवायची आणि स्वतःच पळवायची. मुख्य मैदान इंदूरजवळच्या पीथमपूरचं, नॅट्रॅक्सच्या आवारातलं. पुण्यातून दरवर्षी इतक्या टीम जातात की जानेवारीच्या आसपास भोसरी एमआयडीसीतल्या लेझर कटिंगवाल्याला 'बाहा का?' हे विचारायचीही गरज पडत नाही.

ही स्पर्धा इतकी वर्षं टिकली याचं श्रेय लोक स्पॉन्सरला देतात. माझ्या मते खरं श्रेय नियमपुस्तकातल्या एका कलमाला आहे: इंजिन सगळ्यांना एकच. वर्षानुवर्षं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं एक सिलिंडरचं, 305 सीसी, दहा हॉर्सपॉवरचं इंजिन. उघडायचं नाही, ट्यून करायचं नाही. आपल्या स्कूटरपेक्षा थोडीशीच जास्त ताकद, आणि त्यावर अख्खी गाडी, ड्रायव्हर आणि चार तासांची एन्ड्युरन्स रेस. मोठ्या ब्रँडचं कॉलेज असो की सोलापूर-लातूरकडचं, घोडा सगळ्यांचा सारखा. मार्कही फक्त वेगाला नाहीत. गाडी किती खर्चात बनली याचा रिपोर्ट द्यावा लागतो आणि त्यालाही मार्क असतात.

म्हणजे पैशाने वेग विकत घेता येतो ते दार बंद करायचं. स्वस्त रेसिंगची सगळी युक्ती एवढीच. पण पैसा पाण्यासारखा असतो, एक दार बंद केलं की दुसऱ्या फटीतून शिरतो. इंजिन सारखं म्हटल्यावर शर्यत वजनावर गेली. नियमाप्रमाणे साधा कार्बन स्टीलचा पाइप चालतो, पण 4130 क्रोमोली घेतला की पातळ पाइपात तेवढीच मजबुती मिळते आणि काही किलो वाचतात. मग हलका गिअरबॉक्स, मग कार्बन फायबर, मग इंपोर्टेड शॉकर. अमेरिकेतल्या बाहात तर आता फोर-व्हील ड्राइव्ह सक्तीचं आहे. इंजिनीअरिंग म्हणून उत्तम. पण ज्या टीमचा निम्मा पैसा मेंबरच्या खिशातून येतो तिच्यासाठी हा अजून एक डिफरन्शियल, अजून चार जॉइंट आणि अजून एक 'पप्पा, जरा पैसे लागतील'चा फोन. आपल्याकडे इलेक्ट्रिकचा वर्ग 2015 मध्ये आला. तिथे बॅटरी आणि कंट्रोलरचा खर्च वेगळाच.

आणि मुख्य अडचण वेगळीच आहे. बाहा चार वर्षांची असते. डिग्री संपली की हेल्मेट कपाटात. डिप्लोमावाल्या, आयटीआयवाल्या, गॅरेजवाल्या आणि आमच्यासारख्या नॉन-इंजिनीअरिंगवाल्या पोरांचं काय? पुढची पायरी कार्टिंगची. कोल्हापूरला मोहितेंच्या कार्टिंग ट्रॅकमुळे त्या शहरातून चांगले रेसर निघाले. ट्रॅक जवळ असला की काय होतं याचं ते उदाहरण. पण कार्टिंगमधून फॉर्म्युला कारपर्यंत जायचं तर कोइम्बतूर नाहीतर चेन्नईच्या वाऱ्या आल्या. तिकडचे ट्रॅक उत्तम आहेत. पुण्याहून ते हजार किलोमीटरच्या पुढे आहेत, आणि एंट्री फी भरण्याआधीच टायर, टेम्पो आणि लॉजमध्ये माणूस दमतो. ट्रक बनवणारं, इंजिन तपासणारं, 1966 पासून एआरएआय असलेलं हे शहर. आणि इथे हौशी माणसाला शनिवारी जाऊन रविवारी घरी येता येईल अशी शर्यतच नाही.

बाहेर हौशी रेसिंगवाल्यांनी यावर काही भन्नाट उपाय शोधलेत. अमेरिकेत 2006 पासून '24 अवर्स ऑफ लेमन्स' नावाची मालिका आहे. तिथला नियम: गाडी 500 डॉलरच्या आतली हवी. मात्र रोल केज, सीट, बेल्ट, ब्रेक असला सेफ्टीचा खर्च त्या मर्यादेच्या बाहेर. जीव वाचवायला हवा तेवढा खर्च करा, जिंकायला करू नका! जास्त पैसे लावल्यासारखे वाटले तर परीक्षक पेनल्टी लॅप देतात आणि आडदांड ड्रायव्हिंग करणाऱ्याला सगळ्यांसमोर गमतीशीर शिक्षा करतात. अमेरिकेच्याच छोट्या मातीच्या ट्रॅकवर 'क्लेम'चा नियम असायचा, काही ठिकाणी अजूनही आहे. रेस संपल्यावर हरलेला माणूस जिंकणाऱ्याचं इंजिन ठरलेल्या किमतीला मागू शकतो, आणि ते द्यावं लागतं. दोन लाखांचं इंजिन पन्नास हजारांना द्यायची वेळ येणार असेल तर दोन लाख घालेल कोण? ब्रिटनच्या ट्रक रेसिंगमध्ये दोन डिव्हिजन आहेत. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये कमी बदल केलेले ट्रक आणि नवखे, हौशी ड्रायव्हर. युरोपच्या सगळ्यात वरच्या ट्रक शर्यतीतही वेगाला 160 किलोमीटरची मर्यादा आहे, आणि तरी स्टँड भरतात. वेग कमी म्हणजे मजा कमी, हे गणित चुकीचं आहे.

उलटं गणितही आपल्या जिल्ह्यातच दिसतं. बैलगाडा शर्यत. 2014 च्या बंदीनंतर डिसेंबर 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने सशर्त परवानगी दिली, मे 2023 मध्ये कायदाही वैध ठरवला. मधल्या काळात घाट नुसते जागे झाले नाहीत, श्रीमंत झाले. मे 2022 मध्ये चिखलीतल्या शर्यतीत जेसीबी, बोलेरो, ट्रॅक्टर अशी बक्षिसं होती. आता विचार करा, घाटात जेसीबी लागणार असेल तर पळणाऱ्या बैलाची किंमत कुठे जाणार? बक्षीस वाढतं ते शेतकऱ्याला खूश करायला. पण ते वाढलं की बैल त्याच्या हाताबाहेर जातो आणि दावणीला गाडामालक म्हणून बिल्डर उभा राहतो. गावजत्रेचा खेळ होता, त्यात आता गुंतवणूक आलीय. हौशी क्लास मारायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे मोठं बक्षीस.

पण त्याच घाटाकडून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: बारी. पुणे जिल्ह्यात गाडे एकमेकांना खेटून पळत नाहीत. एकेक बारी सुटते, घड्याळ लावलं जातं, सेकंदांवर नंबर ठरतो. टक्कर नाही, आणि प्रत्येकाला त्याची स्वतःची पंधरा सेकंदं. अनाउन्सर गाडामालकाचं नाव आणि गाव पुकारतो तेव्हाचा माहोल ज्याने पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको.

म्हणून माझं डोकं सारखं एका गाडीपाशी येतं. टाटा एस, आपला छोटा हत्ती. 2005 मध्ये पुण्याच्याच कारखान्यातून बाहेर पडलेला. पहिल्या मॉडेलचं इंजिन दोन सिलिंडरचं, 702 सीसी, सोळा हॉर्सपॉवर. मार्केट यार्डात, गणपतीच्या मिरवणुकीत, रूम शिफ्ट करताना, सगळीकडे तोच. गावागावातला मेकॅनिक डोळे झाकून उघडतो, पार्ट कुठेही मिळतात, आणि पहिल्या काही वर्षांतल्या गाड्या आता धंद्यातून बाद होत चालल्यात. ट्रक रेसिंगचा हौशी क्लास करायचा तर याच्याहून योग्य ट्रक कुठला?

हसू नका, नियम बघा. इंजिन कंपनीचं, सील लावलेलं. टायर सगळ्यांना एकाच मेकचे, रस्त्यावरचे, मोसमाला एकच सेट. गाडीच्या किमतीला कमाल मर्यादा, आणि जिंकलेली गाडी त्या किमतीला मागायचा हक्क. सेफ्टी मर्यादेबाहेर, त्यात तडजोड नाही. एसची अडचण उघड आहे: उंच आणि अरुंद, वळणावर जोरात कापली तर आडवी होणार. त्यामुळे पूर्ण रोल केज, नीट बेल्ट, बाहेरून बंद करता येणारा किल स्विच, आणि मातीचा छोटा, जास्त वेग चढणार नाही असा वळणावळणाचा ट्रॅक. शर्यत बारीसारखी, एका वेळी एकच गाडी. बक्षीस म्हणून ढाल, फेटा आणि फार तर डिझेल.

खर्चाचा खरा खड्डा गाडीत नसतोच, दिवसात असतो. मैदानाचं भाडं, धूळ बसवायला टँकर, अँब्युलन्स, विमा, फायर एक्स्टिंग्विशर, मार्शल. पंधरा गाड्या आल्या काय किंवा साठ आल्या काय, हा खर्च जवळपास तेवढाच. समजा दिवसाचे तीन लाख लागले, तर पंधरा जणांना प्रत्येकी वीस हजार पडतात, साठ जणांना पाच हजार. म्हणून गाडी स्वस्त ठेवणं ही नुसती दानत नाही, साठ जण येण्याची ती अट आहे. महागडी गाडी माणसं घालवते, माणसं गेली की एंट्री फी वाढते, फी वाढली की अजून चार जण जातात. कुठलाही हौशी क्लास असाच मरतो, कोणी बंदी घालावी लागत नाही.

एक गाडी चौघांनी मिळून घ्यायची सोय नियमातच हवी. वेगवेगळ्या ड्रायव्हरची वेगवेगळी वेळ धरायची. मग एकाच एसवर गॅरेजवाला, त्याची बहीण आणि कॉलेजचे दोन मित्र असे चार स्पर्धक होतात, आणि सोमवारी ऑफिसात कुणाची बारी अर्ध्या सेकंदाने चुकली यावर भांडायला चार तोंडं मिळतात.

हे सगळं परवानगीशिवाय करायचं नाही, हेही सांगायला हवं. देशातल्या मोटरस्पोर्टचा कारभार 1971 पासून एफएमएससीआय बघते. तिचं परमिट, ड्रायव्हरचं कॉम्पिटिशन लायसन्स, स्क्रूटिनी हे सगळं लागतं. एखाद्या गावाबाहेरच्या माळावर पोरांनी रील काढण्यासाठी गाड्या फिरवणं म्हणजे हौशी क्लास नव्हे. सांगली-कोल्हापूरकडे जत्रेत ट्रॅक्टरला ट्रॉली लावून उलट्या पळवायच्या स्पर्धा होतात. कौशल्य अफाट, पण बघणारे आणि ट्रॅक्टर यांच्यामध्ये बऱ्याचदा एक सुतळी असते. स्वस्त म्हणजे ते नाही.

स्क्रूटिनी कोण करणार, हा प्रश्न पुण्यात तरी पडायला नको. ज्या मुलांनी बाहासाठी चारही चाकं एकदम लॉक होतात का ही ब्रेक टेस्ट रडत-खडत पास केलीय, वेल्डमध्ये भोक सापडलं म्हणून रात्रभर केज पुन्हा जोडलाय, ती दरवर्षी शेकड्याने पास होऊन बाहेर पडतात. त्यांच्यातले बरेच चाकण-रांजणगावात नोकरीला आहेत आणि रविवारी मोकळे आहेत. मैदान मावळात की शिरूरकडे, एवढं ठरलं की पहिला टँकर सांगता येईल. पावसाळ्यानंतरचं बघा, नाहीतर हत्ती चिखलात रुतून बसेल.