खर्रर्र... आणि आजीची ओवी

परवाच्या वीकेण्डला मुठ्याला गेलो होतो. नदीवर नाही हो, गावाला! तुमचं-आमचं हिंजवडी ज्या मुळशी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातलं. पिरंगुटला लवासाचा रस्ता धरा, उरवडे मागे टाका, घाट उतरलात की आमचं गाव. टेमघर धरण याच रस्त्याला पुढे. थोडक्यात काय, पावसाळ्यात पाऊस धो-धो आणि दमट हवा फुकट.

या हवेनं आप्पांच्या कॅसेट डेकचा पार घसा बसवला. व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खर्रर्र, आणि डावा स्पीकर तर मौनव्रतात. एरवी मी म्हटलं असतं, "आप्पा, द्या भंगारात, ब्लूटूथ स्पीकर आणतो." पण घरात एक कॅसेट आहे. तिच्यात आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते. आमच्या मुळशीतल्या आणि महाराष्ट्रभरातल्या बायकांच्या लाखभर ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पानं गोळा केल्या. त्यात आमची आजी नाही. ती फक्त या एका कॅसेटवर आहे. कॉपी नाही, बॅकअप नाही.

मग मी काय केलं? बाइकसाठी आणलेला गंज सोडवायचा स्प्रे बटणाच्या फटीत फुस्स करून मारला. खरखर गायब! आप्पा खूश, मी हिरो. पण महिन्याभरात तेलकट थरावर धूळ बसली, बटण चिकट झालं आणि खर्रर्र दुप्पट जोरात परत आली.

शेवटी गाठली बुधवार पेठ. पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतल्या एका काकांनी माझी कहाणी ऐकली आणि उलट विचारलं, "साफ काय करायचंय? आणि साफ झाल्यावर मागे काय राहायला हवंय?" बॉस, सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे!

कसं ते बघा. नुसती धूळ किंवा टेपचा मळ असेल, तर मागे काहीच राहायला नको. तिथे ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. कापसाच्या काडीवर घ्यायचं, टेपच्या हेडवरून फिरवायचं, ते उडून जातं. स्विच किंवा जॅकच्या धातूवर काळपट थर चढला असेल, तर नुसतं धुऊन भागत नाही. हवेतल्या गंधकानं चांदीचा मुलामा काळा पडतो, दमट हवेत तर लवकरच. तिथे तो थर विरघळवून वर पातळ संरक्षक थर ठेवणारं क्लीनर हवं, जसं डीऑक्सिटचं डी५.

आणि व्हॉल्यूमचं बटण? त्याच्या पोटात कार्बनची पट्टी आणि थोडं ग्रीस असतं. कडक सॉल्व्हंट मारलं की ग्रीस धुऊन जातं, बटण कोरडं किंवा ढिलं फिरतं. त्यामुळे इथे वंगण देणारं सौम्य क्लीनर. मिक्सरच्या सरकत्या फेडरसाठी तर डीऑक्सिटचा एफ५ वेगळाच मिळतो.

नुसती कंपनी बघून डबा उचलू नका. सीआरसीचंच घ्या. त्यांचं क्यूडी कॉन्टॅक्ट क्लीनर झटकन वाळतं, मागे काही ठेवत नाही. त्यांचंच २-२६ मात्र हलका तेलकट थर ठेवतं. नाव एक, स्वभाव दोन! प्लॅस्टिकला चालतं का, हेही डब्यावर वाचा.

आता कृती. प्लग काढा. अॅम्प्लिफायर असेल तर प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट दबा धरून असतो, तेव्हा आत बोटं नकोत. खिडकी उघडा, उदबत्ती विझवा, हे स्प्रे पेट घेऊ शकतात. बारीक नळीनं एकच छोटा फवारा, मग बटण वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत. पूर्ण वाळू द्या, मगच करंट.

आमच्या डाव्या स्पीकरचा चोर निघाला रेकॉर्ड-प्लेचा लांबलचक सरकता स्विच. जुन्या डेक्समध्ये हा नेहमीचा संशयित. त्याला डी५, हेडला अल्कोहोल, आणि बटणाचा माझा तेलकट पराक्रम धुऊन काढल्यावर वंगणाचा एक थेंब.

आधी एक फालतू कॅसेट लावून बघितली. मग लॅपटॉप जोडला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि आजीची कॅसेट लावली. आधी जात्याची घरघर आली. आप्पा दचकले, "आरं, परत खरखरतंय का काय?"

"नाही आप्पा, जातं आहे ते."

आणि मग दोन्ही स्पीकरमधून आजी आली. आप्पा काही बोलले नाहीत. फक्त हात पुढे करून व्हॉल्यूम थोडा वाढवला. बटणाचा अजिबात आवाज झाला नाही.