'मूळ' संच नावाची दंतकथा: दोन राजे, एक पॉप पंक बँड

#थ्रेड

१/ २९ मे १६६० रोजी दुसरा चार्ल्स लंडनमध्ये परतला. वडिलांचा शिरच्छेद १६४९ मध्ये झाला होता आणि त्यानंतरची अकरा वर्षे इंग्लंडच्या गादीवर राजाच नव्हता. तरीही १६६० च्या कायदेशीर कागदपत्रांत त्याच्या कारकिर्दीचे वर्ष लिहिले गेले 'बारावे'. क्रॉमवेलचा काळ कालगणनेतून नाहीसा झाला.

२/ फ्रान्समध्येही तेच घडले. अठराव्या लुईने १८१४ ची सनद दिली ती स्वतःच्या कारकिर्दीच्या 'एकोणिसाव्या' वर्षी. नेपोलियन जणू झालाच नव्हता! पुनःस्थापित सत्ता मधल्या काळाला अनौरस ठरवते. आपण, म्हणजे संगीताचे चाहते, हीच लबाडी रोज करतो. ब्लिंक-१८२ चे उदाहरण घेऊ.

३/ जानेवारी २०१५ मध्ये मार्क हॉपस आणि ट्रॅव्हिस बार्कर यांनी जाहीर केले की गायक-गिटारवादक टॉम डिलाँग बँडमधून बाहेर पडला आहे. टॉमने ते नाकारले. त्याच्या जागी अल्कलाइन ट्रिओचा मॅट स्कीबा आला आणि १ जुलै २०१६ रोजी नव्या संचाचा 'कॅलिफोर्निया' प्रसिद्ध झाला.

४/ ऑक्टोबर २०२२ मध्ये टॉमच्या पुनरागमनाची घोषणा झाली; पुढच्या वर्षी 'वन मोअर टाइम...' आला. तेव्हापासून एक वाक्य सतत कानी पडते: 'खरा ब्लिंक परत आला.' म्हणजे २०१५ ते २०२२ हा खोटा ब्लिंक? या वाक्याला माझा आक्षेप आहे.

५/ समकालीन पुरावा पाहा. 'कॅलिफोर्निया'ने ड्रेकच्या 'व्ह्यूज'ला हटवून बिलबोर्ड २०० मध्ये पहिले स्थान मिळवले. २००१ नंतर, म्हणजे पंधरा वर्षांनी, बँडला हे स्थान लाभत होते. पुढे सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमसाठी ग्रॅमी नामांकनही मिळाले. टॉम परतणार आहे हे २०१६ च्या श्रोत्याला ठाऊक नव्हते. त्याच्यासाठी तो मधला काळ नव्हता, वर्तमान होता.

६/ खपावरून गुणवत्ता सिद्ध होत नाही, हे मान्य. परंतु मुद्दा गुणवत्तेचा नाहीच. त्या काळच्या श्रोत्यांनी हा अल्बम ब्लिंकचा म्हणून स्वीकारला की नाही, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर या आकड्यांत आहे.

७/ आता 'मूळ' या शब्दाकडे वळू. बँड १९९२ मध्ये सॅन डिएगोजवळच्या पोवे येथे सुरू झाला, तेव्हा ड्रमवर होता स्कॉट रेनर. 'चेशायर कॅट' (१९९५) आणि 'ड्यूड रँच' (१९९७) या दोन्ही अल्बमांत तोच वाजवतो. ट्रॅव्हिस आला १९९८ मध्ये. ज्या 'एनिमा ऑफ द स्टेट'ला (१९९९) आपण बँडचा आत्मा मानतो, तोच मुळी संच बदलल्यानंतरचा पहिला अल्बम आहे!

८/ मग ट्रॅव्हिस 'मूळचा' आणि स्कीबा 'उपरा' का? कारण ट्रॅव्हिस टिकला. शेवट पाहून आरंभाला मान्यता देण्याची ही पद्धत आपण राजघराण्यांच्या इतिहासात दोष मानतो. इथे ती निमूट का स्वीकारावी?

९/ एक प्रतिवाद वजनदार आहे: ड्रमवादक बदलणे वेगळे आणि आवाज बदलणे वेगळे. खरे आहे. मार्क आणि टॉमचे दोन भिन्न आवाज ही या बँडची ओळख होती. 'कॅलिफोर्निया'त निर्माता जॉन फेल्डमनचा हात फार घोटीव वाटतो, काही गाणी साच्यातून काढल्यासारखी आहेत, असे मलाही वाटते. पण 'अल्बम कच्चा आहे' ही समीक्षा झाली. 'अल्बम खरा नाही' ही वंशावळ झाली. समीक्षा अवश्य करा. वंशावळीच्या नावाखाली एका माणसाचे सात वर्षांचे काम, 'कॅलिफोर्निया' आणि 'नाइन' (२०१९) हे दोन अल्बम, खोडू नका.

१०/ आणि सर्वांत बोलका पुरावा खुद्द टॉमचा आहे. परतताना त्याने स्कीबाला उद्देशून जाहीरपणे लिहिले आणि आपल्या गैरहजेरीत बँड बहरता ठेवल्याबद्दल त्याचे आभार मानले. परतलेल्याने मधली वर्षे मान्य केली. ती पुसायला निघाले ते चाहते. पुढच्या वेळी कोणत्याही बँडविषयी, घराण्याविषयी किंवा परंपरेविषयी कुणी 'मूळ' हा शब्द उच्चारला, तर एवढेच विचारा: मूळ, पण कोणत्या सालापासून? आणि ते साल ठरवले कुणी?