जात गाळून लिहिलेल्या यशोगाथा

समाजकार्याची किंवा पत्रकारितेची पदवी घेतलेल्या आपल्या अनेक मुलामुलींना आज आंतरराष्ट्रीय विकास संस्थांमध्ये 'कम्युनिकेशन ऑफिसर'ची नोकरी मिळते. वस्तीतलं पोरगं लॅपटॉप घेऊन दौऱ्यावर निघतं, आईबापाची मान ताठ होते. व्हायलाच पाहिजे. आम्हीही या नोकऱ्या केल्या आहेत, त्या पगारावर धाकट्या भावंडांना शिकवलं आहे. म्हणून हा लेख नोकरीविरुद्ध नाही. त्या नोकरीत आपल्याच हातून आपली जात खोडून घेतली जाते, त्याविरुद्ध आहे.

काम काय असतं? गावात जायचं, एक बाई निवडायची, तिचे फोटो काढायचे, संमतीच्या कागदावर तिचा अंगठा घ्यायचा आणि चारशे शब्दांची 'सक्सेस स्टोरी' लिहायची. साचा ठरलेला असतो. आधी तिचं दुःख, मग संस्थेचं आगमन, शेवटी तिचं हसू. ही गोष्ट डोनरकडे जाते, वार्षिक अहवालात छापली जाते आणि पुढच्या वर्षीचा निधी आणते.

मराठवाड्यातल्या एका गावी आम्ही अशीच एक गोष्ट लिहिली. बौद्ध वस्तीचा हातपंप उन्हाळ्यात आटायचा. गावची सार्वजनिक विहीर हाकेच्या अंतरावर होती, तिला पाणीही होतं. पण वस्तीतल्या बायांना तिथे कळशी बुडवू देत नसत, म्हणून त्या दोन किलोमीटर चालत जायच्या. आम्ही हे जसंच्या तसं लिहिलं. छापून आलं ते असं : 'तीव्र पाणीटंचाईमुळे महिलांना रोज दोन किलोमीटर पायपीट करावी लागत असे.'

विहीर गेली, विहिरीवर उभे राहणारे गेले, जात गेली. उरला तो फक्त उन्हाळा.

हा नुसता शब्दांचा फरक नाही. अनुसूचित जातीच्या माणसाला सार्वजनिक पाणवठ्यावर अडवणं हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. आमच्या मजकुरात गुन्हा होता, संपादनानंतर नैसर्गिक आपत्ती झाली. आपत्तीत आरोपी नसतो. असतात ते 'लाभार्थी'.

महाडच्या 20 मार्च 1927 च्या सत्याग्रहाला असा कम्युनिकेशन ऑफिसर हजर असता, तर त्याने काय लिहिलं असतं? 'वंचित समुदायाच्या सहभागातून चवदार तळ्याच्या पाण्याची उपलब्धता वाढली.' सत्याग्रहींची डोकी फुटली, ती ओळ जागेअभावी गाळली गेली असती.

आम्ही कारण विचारलं. उत्तरं तीन मिळाली. पहिलं, 'परदेशी वाचकाला जात समजत नाही.' ज्या वाचकाला वंशद्वेष समजतो, त्याला जात का समजू नये? 2001 साली डर्बनच्या वंशवादविरोधी जागतिक परिषदेत आपले कार्यकर्ते जातीचा प्रश्न घेऊन गेले होते. तो तिथे येऊ नये म्हणून आडवं कोण आलं? भारत सरकार. तरीही पुढच्याच वर्षी वांशिक भेदभाव निर्मूलनासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने जन्माधारित भेदभावात जातीचा स्पष्ट समावेश केला. जगाला जात समजते. ती समजू न देणारे इथलेच असतात.

आणि तरीही जगाच्या कागदावरून ती कशी निसटते, तेही पाहा. शाश्वत विकास उद्दिष्टांतलं 10.2 हे लक्ष्य वय, लिंग, अपंगत्व, वंश, वांशिकता, मूळ, धर्म, आर्थिक किंवा इतर दर्जा असं सगळं मोजतं. जात हा शब्द त्यात नाही. 'कोणालाही मागे सोडायचं नाही' म्हणणाऱ्यांच्या यादीत आम्ही 'इतर'मध्ये बसायचं!

दुसरं उत्तर, 'परदेशी निधीचं लायसन्स जाईल.' ही भीती खोटी नाही. 2016 मध्ये गुजरातच्या नवसर्जन या दलित हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेची परदेशी निधीची नोंदणी रद्द झाली. 2020 च्या दुरुस्तीने नियम आणखी आवळले. पण जात हा शब्द राज्यघटनेच्या कलम 15 मध्ये छापलेला आहे आणि अस्पृश्यता कलम 17 ने नष्ट केली आहे. जो शब्द घटनेत चालतो, तो अहवालात का चालत नाही?

तिसरं उत्तर सगळ्यात गोड, 'लोकांना सकारात्मक गोष्टी वाचायच्या असतात.' म्हणजे बाईने कष्ट केले, बचत केली, शेळ्या पाळल्या आणि ती वर आली. मग शेजारची वर आली नाही, तर दोष तिचाच.

हा डाव बाबासाहेबांनी फार पूर्वी ओळखला होता. पुणे करारानंतर अस्पृश्यता निवारणासाठी संघ स्थापन झाला, तोच पुढे हरिजन सेवक संघ. नोव्हेंबर 1932 मध्ये बाबासाहेबांनी बोटीवरून त्याचे सरचिटणीस ठक्कर यांना सविस्तर पत्र लिहिलं. मुद्दा सरळ होता. माणसाच्या दैन्याचं कारण त्याच्या दुर्गुणांत शोधाल, तर दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालयं यांतच अडकाल. कारण सामाजिक परिस्थितीत आहे, म्हणून विहिरी, शाळा, चावडी आणि सार्वजनिक वाहनं यांवरच्या नागरी हक्कांसाठी लढा उभारा. त्या पत्राची साधी पोचही आली नाही, असं त्यांनी पुढे नोंदवून ठेवलं आहे. आजची सक्सेस स्टोरी त्याच न वाचलेल्या पत्राच्या पाठीवर लिहिली जाते.

मित्रांनो, मग करायचं काय? राजीनामे देऊ नका. ती खुर्ची रिकामी झाली, तर आपली गोष्ट पुन्हा दुसराच कोणी लिहील. खुर्चीत बसून एवढं करा.

ज्या बाईची गोष्ट आहे, तिला अंतिम मजकूर मराठीत वाचून दाखवा. तिने 'असंच झालं' म्हटलं तरच पुढे पाठवा. तिच्या सुरक्षिततेसाठी नाव बदला, गाव लपवा. जात लिहायची की नाही, हे मात्र तिने ठरवायचं, मुख्यालयाने नाही. जात गाळली गेली तर कारण लेखी मागा. तोंडी कारण देणं सोपं असतं, 'जात काढा' असं लिहून द्यायला हात अडखळतो. 'लाभार्थी'च्या जागी 'हक्कदार' लिहा. आणि अहवालातल्या आकड्यांमध्ये अनुसूचित जाती-जमातींचा वेगळा रकाना मागा. संस्थेत निर्णय घेणाऱ्यांत आपले किती, हेही त्याच बैठकीत विचारा.

चळवळीचीही जबाबदारी आहे. असं विचारल्यामुळे ज्याची नोकरी जाईल, त्याच्या पाठीशी आपण उभे राहणार का? नसू, तर त्याला बाणेदारपणाचे धडे देण्याचा आपल्याला अधिकार नाही.

31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' निघाला, कारण आपली बाजू छापणारं पत्र नव्हतं. आज छापणारे पुष्कळ आहेत. गुळगुळीत कागदावर, रंगीत फोटोसह छापतात. फक्त त्या फोटोतल्या बाईला विहिरीवर कोणी अडवलं, तेवढं सोडून.

ती एक ओळ परत लिहिणं, हे आपलं काम आहे.

जय भीम!