संताचे निदान आणि समीक्षकाचे मन

संतकवीने स्वतःला ‘पतित’ वा ‘अपराधी’ म्हटले, की त्यातून त्याचा न्यूनगंड ‘सिद्ध’ करायचा, हा मनोविश्लेषणात्मक समीक्षेचा हट्ट आता तपासला पाहिजे. ‘परमरहस्य’कार मन्मथस्वामींसारख्या वीरशैव संताच्या संदर्भात तर त्यातील पद्धतिदोष लख्ख दिसतो.

हेर्मान रोर्शाक यांनी १९२१ मध्ये शाईच्या १० डागांची कसोटी प्रसिद्ध केली. तिच्यात प्रयुक्त समोर बसलेला असतो. ‘हे कुठे दिसले, कशामुळे तसे वाटले’ असे त्याला पुन्हा विचारता येते. मुलाखत व जीवनवृत्तान्त यांच्याशी पडताळल्याखेरीज निष्कर्ष मांडू नये, असा या शास्त्राचाच दंडक आहे. संताला प्रश्न कोण विचारणार? फ्रॉइडने १९१० मध्ये लिओनार्दोच्या बालपणीच्या एका आठवणीवर प्रबंध रचला. मूळ इटालियनमधली घार जर्मन भाषांतरात गिधाड झाली होती, आणि त्या गिधाडावर मिसरी मातृदेवतेपर्यंतचा इमला उभा राहिला. जिथे रचना पोथ्यांतून आणि मुखपरंपरेतून आल्या, तिथे तर एकेका शब्दावर निदान टांगणे धाडसाचेच.

शिवाय आत्मनिंदा ही भक्तिपरंपरेची सामायिक परिभाषा आहे. बीड जिल्ह्यातील कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीशी कार्तिकी पौर्णिमेला दिंड्या येतात. अभंगातला ‘मी’ ही गाणाऱ्याने उभे राहण्याची जागा असते. त्या ‘मी’ला रुग्ण ठरवायचे, तर साऱ्या दिंडीचेच निदान करावे लागेल.

संकेतामागेही मन असतेच, हा आक्षेप रास्त आहे. परंतु परंपरेने ही भाषा का जोपासली, हा प्रश्न वेगळा. एका व्यक्तीचा रुग्णलेख वेगळा. रामकृष्णांच्या बाबतीत ‘कथामृत’सारखी तपशीलवार नोंद हाताशी होती, तरीही सुधीर कक्कर यांनी १९९१ च्या आपल्या ग्रंथात त्यांच्या गूढानुभवाला विकृतीच्या कोटीत ढकलले नाही. आपल्याकडे त्या नोंदीही नाहीत आणि तो संयमही नाही.

हा वाद वाङ्मयापुरता उरत नाही. अशा समीक्षेवर पोसलेला विद्यार्थी उद्या चिकित्सालयात बसेल. ‘माझ्याच पापाचे भोग’ म्हणणारी बाई समोर येईल. ते शब्द तिचा आधार असतील किंवा खरोखरच विषण्णतेचे लक्षण असतील. ते तिलाच विचारावे लागेल. न विचारता उत्तर लिहिणाऱ्यापुढे अभंग हाच शाईचा डाग ठरतो, आणि कसोटी त्याचीच लागते.