शिंपल्याने ठेवलेला हिशेब

बँकेच्या नोकरीतली काही वर्षे कोकण किनाऱ्यावरच्या एका शाखेत गेली. नौकेसाठी कर्ज मागायला येणारे नाखवे कागदपत्रांपेक्षा समुद्राविषयीच अधिक बोलत. "साहेब, पूर्वीचा दर्या राहिला नाही," हे वाक्य तेव्हा अनेकदा ऐकले आणि हसून सोडून दिले. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या; पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्यालगत उत्तरेकडे गेले. तेव्हा ते वाक्य पुन्हा आठवले, आणि बँकेतल्या सवयीने एक प्रश्नही मनात आला : 'पूर्वीचा' म्हणजे कधीचा, आणि त्याची नोंद कुठे आहे?

माणसाकडची नोंद फार तोकडी आहे. खोल समुद्राची पद्धतशीर पाहणी सुरू झाली ती ब्रिटिशांच्या 'चॅलेंजर' जहाजाच्या १८७२ ते १८७६ या सफरीपासून. साऱ्या जगाच्या समुद्रपृष्ठाचे तापमान उपग्रहांनी सातत्याने टिपायला सुरुवात केली ती १९८०च्या दशकात. एवढ्या उताऱ्यावर समुद्राचा स्वभाव ठरवणे म्हणजे तीन महिन्यांचे पासबुक पाहून वीस वर्षांचे गृहकर्ज मंजूर करणे होय.

सुदैवाने दुसरी एक वही तळाशी पडून आहे. बाजारातून आणलेल्या तिसऱ्या धुताना त्यांच्या कवचावरच्या बारीक रेषा गृहिणींनी पाहिल्याच असतील. शिंपल्यातला जीव वाढतो तसे कवच थरावर थर चढवते. उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यात 'आर्क्टिका आयलँडिका' नावाचा एक तळहाताएवढा शिंपला राहतो. अमेरिकेत त्याचे सूप करतात. त्याच्या कवचात झाडाच्या खोडाप्रमाणे दरवर्षी एक वलय पडते. २००६ मध्ये वेल्समधील बँगर विद्यापीठाच्या संशोधकांनी आइसलँडजवळ गोळा केलेल्या शिंपल्यांपैकी एकाची वलये मोजली, तेव्हा वय चारशेच्या पुढे भरले. चीनमधील राजघराण्यावरून त्याला 'मिंग' हे नाव पडले. बिजागरीपाशी वलये इतकी दाटीने असतात की पहिली मोजणी चुकली होती. २०१३ मध्ये फेरमोजणी झाली आणि वय निघाले ५०७ वर्षे. म्हणजे त्याचा जन्म १४९९चा. वास्को द गामा कालिकतहून पोर्तुगालला परतला ते हे वर्ष. शिवनेरीवर शिवराय जन्मले तेव्हा हा जीव १३१ वर्षांचा होता, आणि पेशवाई बुडाली तेव्हा ३१९ वर्षांचा.

एका शिंपल्याने इतिहास होत नाही. परंतु एकाच भागातले शिंपले चांगल्या वर्षी रुंद आणि वाईट वर्षी अरुंद वलय धरतात. त्यामुळे जिवंत शिंपल्याच्या बालपणीची वलये तळाशी सापडलेल्या मृत शिंपल्याच्या म्हातारपणीच्या वलयांशी जुळवता येतात, त्याची त्याहून जुन्याशी. अशी वहीला वही जोडत उत्तर आइसलँडच्या समुद्राची १,३५७ वर्षांची सलग मालिका तयार झाली आहे.

कुठली वही कुठे लावायची याचा अंदाज किरणोत्सारी कार्बनवरून येतो. हा कार्बन ५,७३० वर्षांत निम्मा उरतो. मात्र समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच जुना असल्याने, १९५०पूर्वी जिवंत पकडलेला शिंपलाही या पद्धतीत सुमारे चारशे वर्षे जुना ठरतो. वलयांच्या मोजणीमुळे हा फरक दुरुस्त करता येतो. दोन हिशेब परस्परांशी ताडून पाहण्याची ही शिस्त कोणत्याही लेखापरीक्षकाला आवडेल.

वलयाने वर्ष कळते. त्या वर्षीचे पाणी कसे होते ते कवचातला प्राणवायू सांगतो. प्राणवायूचे अणू हलके आणि जड असे दोन्ही असतात. थंड पाण्यात घडलेल्या कवचात जड अणूंचे प्रमाण वाढते. पाण्याच्या खारटपणाचाही त्यावर परिणाम होतो. कार्डिफ व बँगर विद्यापीठांच्या संशोधकांनी एक हजार वर्षांचे असे वाचन २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातला निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे. इ.स. १८००पर्यंत सूर्याच्या तेजातले चढउतार आणि ज्वालामुखींचे उद्रेक यांनी समुद्र बदलत असे, आणि हवेच्या तापमानातले बदल त्याच्या मागून येत. १८००नंतर हा क्रम उलटला. आता हवा पुढे आहे आणि समुद्र तिच्या मागे फरफटतो आहे.

'हवामान काय, नेहमीच बदलत आले आहे,' असे म्हणणारे आपल्या घरोघरी भेटतात. शिंपला त्यांचे म्हणणे नाकारत नाही. पूर्वीचे बदल त्याने इमानाने नोंदवले आहेत. तो एवढेच दाखवतो की या खेपेचा बदल निराळ्या दिशेने आला, आणि तो कारखान्यांच्या युगाबरोबर आला.

आइसलँडच्या समुद्राशी आपले काय देणेघेणे, असे वाटेल. याचे उत्तरही कवचांनीच दिले आहे. ओमानजवळच्या अरबी समुद्राच्या गाळात वाळूच्या कणाएवढ्या सूक्ष्म जीवांची कवचे साठली आहेत. नैर्ऋत्य मोसमी वारे जोरात वाहिले की खालचे पोषक पाणी वर येते आणि त्यांतली एक जात फोफावते. या गाळाचा काळ किरणोत्सारी कार्बनने ठरवून अनिल गुप्ता, डेव्हिड अँडरसन व जोनाथन ओव्हरपेक यांनी २००३ मध्ये गेल्या सुमारे दहा हजार वर्षांच्या मोसमी वाऱ्यांचा आलेख मांडला. उत्तर अटलांटिक थंड पडला त्या त्या काळात आपला मोसमी वारा दुबळा झालेला त्यात दिसतो. तिकडच्या समुद्राची तब्येत इकडच्या पेरणीला लागू पडते, ती अशी.

आपल्या उथळ पाण्यातल्या तिसऱ्या शतकानुशतके जगत नाहीत; पण गाळातली कवचे आपल्याकडेही आहेत, आणि ती वाचणारे शास्त्रज्ञ गोव्यात दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आहेत. अशा कामाला लगेच फळ येत नाही, म्हणून ते मागे पडू देणे परवडणारे नाही. बंदर कुठे बांधावे, वस्ती किती मागे घ्यावी, वादळाला 'अपवाद' कधी म्हणावे, हे सारे 'पूर्वी'च्या व्याख्येवर अवलंबून आहे.

मिंग स्वतः मात्र वाचला नाही. जहाजावर इतर शिंपल्यांबरोबर तो गोठवला गेला. त्याचे वय कळले ते मेल्यावर. आइसलँडच्या शिंपल्याने कोकणच्या दर्याबद्दल निकाल दिलेला नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या नाखव्याला मी हसून वाटेला लावले, ते चुकले. त्याचे म्हणणे निदान तपासून पाहायला हवे होते.